नकाबवाल्याची गाणी

आमचं गाव धामणगाव बढे. मी नववीत होते तेव्हा महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण गावातली मोठी माणसं बोलताना आपल्या मुलखाला वऱ्हाडच म्हणायची. गहू-हरभरा घरात आला की बाजाराच्या मैदानात मलकापूरकडची तंबू टॉकीज यायची. दुपारी बैलगाडीला रंगीत पाट्या बांधून गावातून फिरवायचे, आणि दिवेलागणीला खांबावरचा भोंगा सुरू झाला की आम्ही गोणपाट काखेत मारून निघायचो. तंबूत मधोमध कनात असायची. एका बाजूला माणसं, एका बाजूला बाया.

त्या वर्षी आलेल्या पिक्चरमधला हिरो दिवसा पोस्टात कारकून होता. कोणावर अन्याय झाला की तो डोळ्यांवर काळा नकाब चढवायचा, पाठीवर बैलाच्या झुलीसारखं काहीतरी बांधायचा आणि घरांच्या वरून उडत जायचा. उडताना त्याच्या कमरेची तार स्पष्ट दिसायची. तिचं कोणाला काही वाटत नव्हतं. भांडण झालं ते त्याच्या गाण्यांवरून.

मुंबईच्या हॉटेलांत गिटार घेऊन गाणारा एक तरुण गायक तेव्हा कॉलेजच्या पोरांत फार गाजत होता. कपाळावर केस आलेला त्याचा फोटो मासिकांत छापून यायचा. पिक्चरवाल्यांनी सगळी गाणी त्याच्याकडे सोपवली होती. त्यात तबला नव्हता, पेटी नव्हती. गिटार होती, मोठे ढोल होते, पितळी वाजपं होती आणि त्याचा तो आवाज. उंच जाताना तो आवाज चिरायचा, आणि चिरला तर तो तसाच पुढे गात राहायचा.

तंबू गावात यायच्या आधीच नागपूरच्या एका पेपरात या पिक्चरबद्दल लिहून आलं होतं. आम्हाला मराठी शिकवणाऱ्या सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. पिक्चर पोरखेळ आहे, तो एक वेळ चालेल, पण गाणी म्हणजे निव्वळ गोंगाट, असा त्याचा सूर होता. मुंबई-पुण्यात सुद्धा शहाणे लोक गाण्याच्या वेळी उठून बाहेर जातात, असंही त्यात होतं. सर फार चांगले शिकवायचे. मला वाचायची गोडी त्यांच्यामुळेच लागली. म्हणून त्यांचं म्हणणं मी खरं मानलं आणि गाणी वाईट आहेत हे मनाशी ठरवूनच तंबूत गेले.

माझ्यासोबत आत्या होती. एकट्या पोरीला तंबूत पाठवायची पद्धत नव्हती, आणि मायला घरचं सोडून निघता येत नव्हतं. आत्या बाबांची धाकटी बहीण. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि सतराव्या वर्षी तिला सासरच्यांनी परत आणून सोडलं. तिच्याबद्दल त्यांची तक्रार एकच होती, की ही गाते. जात्यावर सगळ्याच बाया गायच्या, पण ही पाणी भरताना गायची, वावरात जाताना गायची. सासऱ्याच्या तेराव्याला भांडी घासता घासता ती गुणगुणली, तेव्हा सासूनं सांगितलं की असली बाई आमच्या घरात नको. तेव्हापासून आठ वर्षं आत्या आमच्याकडे होती. त्या आठ वर्षांत मी तिला एक ओळही म्हणताना ऐकलं नव्हतं. आमच्या घरात कोणी तिला गाऊ नको म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती.

पहिल्या दिवशी तंबू भरला होता. हिरोनं पहिल्या गुंडाला उचलून आपटलं तेव्हा कनातीपलीकडून शिट्ट्या आल्या. मग हिरो पोस्टाच्या गच्चीवर गेला, नकाब बांधला, आणि पाठीमागून ते गाणं सुरू झालं. शब्द हिंदीत आणि अगदी साधे होते. मी कोण ते विचारू नका, नुसतं दार उघडा, मी आलोय. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो गायक एक लांब हाळी द्यायचा, डोंगरावरून गुराखी देतो तशी.

माणसांच्या बाजूला कोणीतरी म्हणालं, याच्या पोटात दुखून राह्यलं काय, आणि सगळा तंबू हसला. दुसरं गाणं लागलं तेव्हा माणसं बिड्या ओढायला बाहेर गेली. तिसऱ्याला एका म्हाताऱ्यानं मशीनवाल्याला ओरडून सांगितलं की गाणं कापून टाक, मारामारी दाखव. आमच्या बाजूच्या बायाही तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी त्यांच्यासोबत हसले. आत्या हसली नाही. गुडघ्याभोवती हात बांधून ती पडद्याकडे बघत बसली होती, आणि मध्ये रीळ बदलायला उजेड झाला तरी तशीच होती.

घरी येताना मी तिला सरांनी वाचलेलं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मारुतीच्या देवळापाशी आल्यावर ती म्हणाली, “तुह्या सरले काही म्हणू दे. हा माणूस गायले लाजत नाही.”

एवढंच. पण आमच्या आळीला वळताना तिच्या गळ्यातून मला ते ऐकू आलं. गाण्याची दुसरी ओळ, नंतर तिसरी, मग ती हाळी, अगदी हळू, ओठ मिटलेले. एकदाच ऐकलेली चाल तिनं जशीच्या तशी उचलली होती. मी तिच्याकडे पाहिलं तशी ती गप्प झाली आणि झपाझप चालायला लागली.

पुढच्या दोन रात्री ती गाणी तंबूतून आमच्या घरापर्यंत ऐकू येत होती. मग गावातली चार वजनदार माणसं तंबूवाल्याकडे गेली. पिक्चर चांगला आहे, गाण्यांनी वाट लावली, आमच्या घरच्या बाया-पोरी येतात तर त्यांच्या कानावर हे रडणं-ओरडणं कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. तंबूवाल्याला गावात अजून पंधरा दिवस काढायचे होते. त्यानं मान डोलावली. त्या संध्याकाळपासून गाणं आलं की मशीनवाला आवाजाचा खटका बंद करायचा. पडद्यावर हिरो उडायचा, वाजपं वाजवणारे गाल फुगवायचे, आणि तंबूत नुसती इंजिनाची धडधड. लोकांना ते पसंत पडलं. आता बरं झालं, असं जो तो म्हणायला लागला.

आत्याला हे माझ्याकडूनच कळलं. ती तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत होती. तव्यावरची भाकर उलटवून तिनं विचारलं, “संध्याकाळी येतं का मह्यासंग?”

तिनं स्वतःहून कुठे जायचं म्हणण्याची ती पहिली वेळ होती. बाबांना आम्ही सांगितलं की शेवटची मारामारी पोरीला परत पाहायची आहे. बाबा हसले आणि जा म्हणाले.

त्या दिवशीही तंबू भरलेला होता. आम्ही बायांच्या बाजूला मधोमध बसलो. पार टोकाला, कनातीच्या कडेनं, बौद्ध वस्तीतल्या बाया बसायच्या. तिथे बसा असं कोणी त्यांना सांगितलेलं नव्हतं, पण आमच्या बाया त्यांच्या शेजारी गोणपाट टाकत नसत, हेही खरं. त्यांच्यात आमच्या दवाखान्यातली नर्सबाई होती. निम्म्या गावाची बाळंतपणं तिनं केलेली. लोक तिला घरात बोलवायचे आणि ती गेल्यावर बसलेली जागा पुसून घ्यायचे. हे ती जाणून होती. तरीही बोलावलं की यायची.

हिरो गच्चीवर गेला. त्यानं नकाब बांधला. खटका पडला आणि आवाज गेला. पडद्यावर तो झेप घेतो न घेतो, तोच माझ्या शेजारून गाणं सुरू झालं.

आत्या बसल्या जागेवरून गात होती. पहिल्या ओळीला तिचा आवाज कापत होता. आठ वर्षं न वापरलेला आवाज होता तो. दुसऱ्या ओळीला तो बसला. तिसरीला ती उठून उभी राहिली. मी तिचं लुगडं ओढलं, खाली बस म्हणाले. ती ऐकत नव्हती. कडवं संपलं आणि तिनं ती हाळी दिली, मोकळ्या गळ्यानं, आणि ती उंच गेली तिथे तिचा आवाज चिरला. ती थांबली नाही.

कनातीपलीकडे गलका झाला. कोण आहे ती, बायाइले चूप करा, असे आवाज यायला लागले. आमच्या बाजूच्या काही जणी आत्याकडे पाठ करून बसल्या. तेव्हा टोकाकडून दुसरा आवाज आला. नर्सबाई उभी राहून दुसरं कडवं म्हणत होती. त्यांच्या वस्तीत बाया सभेत गायच्या, माणसांसमोर गायच्या, त्यामुळे तिच्या आवाजात धाकधूक अशी नव्हतीच. शब्द तिला सगळे येत नव्हते. जिथे अडायची तिथे आत्या उचलायची. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नव्हतं.

मग वस्तीतल्या बायांनी टाळ्यांवर ताल धरला. आमच्यातल्या दोन तरण्या सुना पदराआडून म्हणू लागल्या. मी केव्हा म्हणायला लागले ते मला सांगता येणार नाही. इतकं खरं, की शेवटच्या हाळीला मी उभी होते.

मशीन थांबलं, दिवा लागला. तंबूवाला कनात बाजूला करून आला. अंगानं जाड, घामाघूम झालेला माणूस. तो हात जोडून म्हणाला की बाई, मी पोटासाठी आलोय, गाव मला उठवून लावेल, तुम्ही बसा. आत्यानं त्याला नमस्कार केला.

“भाऊ, तुमी आवाज चालू करा,” ती म्हणाली. “मंग मी काऊन गाऊ? मी चूप बसतो.”

तो खालच्या आवाजात काही बोलला. पलीकडून कोणीतरी ओरडलं की तिला बाहेर काढा. तेव्हा नर्सबाई पुढे आली आणि अगदी दवाखान्यातल्या सुरात म्हणाली की आम्ही तिकीट पिक्चरचं काढलंय, अर्ध्या पिक्चरचं नाही. बायांकडून हो-हो झालं. आधी पाठ करून बसलेल्यांपैकी एक म्हातारी सुद्धा म्हणाली की हाव, बरोबर आहे. तंबूवाला एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. मग मशीनवाल्याकडे हात केला. खटका चालू झाला. पुढची गाणी सगळ्या गावानं ऐकली. काही माणसं उठून गेली. बरीचशी बसून राहिली, आणि यावेळी कोणी हसलं नाही.

सकाळी उजाडताच आमच्या ओसरीवर दोन जण येऊन बसले. त्यांनी बाबांना जे सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. तुमच्या बहिणीनं भर तंबूत तमाशा केला, त्यात त्या वस्तीतल्या बाईबरोबर केला, तर तिनं देवळापुढे येऊन चूक झाली म्हणावं आणि विषय संपवावा. बाबा मान खाली घालून होते. ते वाईट माणूस नव्हते. बहिणीला आठ वर्षं त्यांनी सांभाळलं होतं, तिच्या ताटाकडे कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं. पण गावात मान खाली घालायची त्यांना सवय नव्हती.

माणसं गेल्यावर त्यांनी आत्याला बोलावलं. जाऊन दोन शब्द बोलून ये, म्हणाले. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

“दादा, मले गाणं येते, मी गायलं. चोरी नाही केली. चूक झाली असं म्या एकदा तिकडं म्हटलं होतं, सासूच्या पायावर डोकं ठिऊन. तरी त्याइनं मले आणून टाकलंच. आता नाही म्हनत.”

बाबा म्हणाले की मग गाव या घराला काय म्हणेल ते तूच बघ. ती म्हणाली, बघते. मी तेव्हा पुढे होऊन सांगितलं की मीही गायले. माझ्या तोंडावर मारतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पागोटं उचललं आणि वावरात निघून गेले. पुढचे दोन महिने ते आम्हा दोघींशी कामापुरतंच बोलले. देवळापुढे आत्या गेली नाही. लोक काही दिवस आमच्या ओसरीवर बसायला आले नाहीत, मग हळूहळू यायला लागले.

त्याच दिवशी दुपारी माय जात्यावर बसली होती. मी दाणे घालत होते. ती आत्याला म्हणाली, “कसं हाये वं ते गाणं? म्हन बरं.” आत्यानं म्हटलं. माय ऐकत ऐकत दळत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली की दळायला बरं आहे.

शाळेत सरांनी त्याच आठवड्यात निबंधाला विषय दिला, चांगलं संगीत कोणतं. तो कोणासाठी होता हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मी लिहिलं की जे गाताना माणूस लाजत नाही ते चांगलं. पेपरात लिहिणाऱ्यानं गाणी ऐकली असतील, पण आमच्या तंबूत बसून ऐकली नाहीत, हेही लिहिलं. सरांनी मला पुढे बोलावून हातावर दोन छड्या मारल्या आणि हा निबंध पुन्हा लिही म्हणाले. मी पुन्हा लिहिला. तोच लिहिला, अक्षर चांगलं काढून. दुसऱ्यांदा त्यांनी मारलं नाही. वही बाजूला सरकवली आणि पुढच्या मुलीचं नाव घेतलं.

तंबू गेला, पावसाळा गेला, आणि भादव्याच्या पुनवेला घरोघरी भुलाबाई बसल्या, माहेराला आलेल्या पार्वतीच्या मातीच्या मूर्ती. महिनाभर आम्ही पोरी रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन एकेका घरी जायचो, गाणी म्हणायचो, आणि शेवटी त्या घरचा खाऊ झाकलेला असताना ओळखायचा. त्या वर्षी आत्यानं आम्हाला नवं गाणं बांधून दिलं. चाल नकाबवाल्याची, शब्द तिचे. भुलाबाई माहेरी आली आहे, दार उघडा, कोण म्हणून विचारू नका. हाळीच्या जागी टिपऱ्यांचा दणका होता. पोरींना ते इतकं आवडलं की जुनी गाणी मागे पडली.

दोन घरांनी आम्हाला सांगितलं की ते सोडून दुसरं म्हणा. आम्ही म्हटलं नाही, आणि अंगणातून उठून पुढच्या घरी गेलो. खाऊ न घेता उठण्याचा प्रकार गावात आधी झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एका घरची आजी स्वतः आमच्या आळीत आली आणि म्हणाली की या वं पोरींनो, काय म्हणायचं ते म्हणा, माही भुलाबाई सुनी बसून आहे. मग आम्ही गेलो. आमच्या स्वतःच्या अंगणात गाणं झालं तेव्हा बाबा ओसरीवर होते. ते उठून जातील म्हणून मी बघत होते. ते सुतळी वळत बसले होते आणि शेवटपर्यंत वळत बसले.

पिक्चर शहरात चालला नाही असं नंतर वाचलं. त्या गायकाला पुन्हा कोणी पिक्चर दिला नाही. पुढे मी शिक्षिका झाले आणि एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले. तिथे जेवताना गाण्यांवरून बोलणं निघालं. एक बाई, स्वतः गाणं शिकलेल्या, म्हणाल्या की सिनेसंगीत कसं असू नये हे बघायचं तर त्या नकाबवाल्या पिक्चरची गाणी. सगळ्या हसल्या. मी त्यांना विचारलं की त्यातलं तुम्हाला कोणतं सगळ्यात वाईट वाटलं. त्या म्हणाल्या की ऐकलेलं असं नाही, वाचलंय. बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून आमचं वऱ्हाडी ‘मले’ गेलं होतं आणि त्यावर दोघी-तिघी गालात हसत होत्या. मी तिथेच, ताटावर बसून, पहिलं कडवं म्हटलं. माझा आवाज आत्यासारखा नाही. हाळीला तर तो सरळच फाटला. कोणाला आवडलं की नाही ते मी विचारलं नाही. त्यांनी ते एकदा ऐकायला हवं होतं, आणि ऐकलं.

आत्याचं म्हणाल तर तिचा आणि नर्सबाईचा घरोबा झाला. आधी विहिरीवर बोलणं, मग नर्सबाईच्या घरी चहा. आत्यानं तिथे चहा घेतला यावरूनही गावात बोललं गेलं, आणि आत्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पुढच्या वर्षी जवळच्या मोताळ्याला बालवाडी निघणार होती. चौथी शिकलेली, लहान मुलांत रमणारी बाई हवी होती. नर्सबाईनं अर्ज लिहिला, आत्यानं सही केली, आणि बाबांनी बैलगाडीत तिचं सामान घालून तिला स्वतः मोताळ्याला नेऊन सोडलं. वाटेत काय बोलले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही.

ती तिथे एका खोलीत एकटी राहिली, निवृत्त होईपर्यंत. एकदा मी सुट्टीत तिच्याकडे गेले होते तेव्हा तपासणीला साहेब आले होते. पोरं नकाबवाल्याच्या चालीवरचं धडाक्याचं गाणं म्हणत होती. साहेबांनी सांगितलं की बाई, पुस्तकातली बालगीतं घ्या, हे काय आहे. आत्यानं हो साहेब म्हटलं, पुस्तक काढलं, त्यातली दोन गाणी पोरांकडून नीट म्हणवून घेतली. साहेब वहीत लिहून गेले. त्यांची जीप रस्त्याला लागली, तशी तिनं पुस्तक मिटून पेटीत टाकलं आणि पोरांना विचारलं, “कुठं होतो आपून?” तीस पोरांनी मिळून तिला ते गाऊन सांगितलं.